‘मी राहतो ते घर’ आणि त्यातून निसटणारे ‘इन’

मराठीत आपण ‘मी राहतो ते घर जुने आहे’ असे अगदी सहज म्हणतो. या वाक्यात ‘घरात’ हा शब्द कुठेच आलेला नाही, तरीही मी त्या घरात राहतो हे ऐकणाऱ्याला कळते. ‘मी बसलो होतो ती खुर्ची’, ‘मी लिहितो ते पेन’, ‘मी काल बोलत होतो तो माणूस’ या शब्दसमूहांतही हेच घडते. खुर्चीवरचा ‘वर’, पेनाचा ‘ने’ आणि माणसाशी जोडणारा ‘शी’ गळून पडतात, पण अर्थाला धक्का लागत नाही. हीच वाक्ये इंग्रजीत नेताना मात्र, व्याकरणाचे नियम तोंडपाठ असलेला माणूससुद्धा ‘द हाउस विच आय लिव्ह इज ओल्ड’ असे लिहून जातो. इंग्रजी वाचकाला हे वाक्य अर्धवट वाटते, कारण राहणे आणि घर यांना जोडणारा ‘इन’ तिथे नाही. त्याला ‘द हाउस इन विच आय लिव्ह’ किंवा ‘द हाउस आय लिव्ह इन’ असे काहीतरी हवे असते.

या दोन शुद्ध रूपांतल्या दुसऱ्या रूपाकडे नीट पाहिले, तर एक महत्त्वाची गोष्ट दिसते. तिथे ‘विच’ गाळलेला आहे, पण ‘इन’ गाळलेला नाही. इंग्रजीला अशा ठिकाणी ‘विच’सारखे संबंधी सर्वनाम सोडून देता येते. शब्दयोगी अव्यय सोडता येत नाही. मराठीत बरोबर उलटे आहे: आपण ‘ज्यात’ हा शब्द त्याच्या प्रत्ययासकट टाकून देतो आणि ‘ते’ मात्र ठेवतो. शाळेत शब्दयोगी अव्यये एका धड्यात आणि संबंधी सर्वनामे दुसऱ्या धड्यात शिकवली जातात. दोन्ही धड्यांत चांगले गुण मिळवणारा विद्यार्थी प्रत्यक्ष लेखनात अडखळतो, तो या दोहोंच्या सांध्यावर. म्हणून या लेखात दोन्ही विषय एकत्र घेतले आहेत.

आधी शब्दयोगी अव्ययांकडे वळू. मराठीत नामाला प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय मागून लागते आणि ते लागण्यापूर्वी नामाचे सामान्यरूप होते: घर, घरा, घरात, रस्ता, रस्त्या, रस्त्यावर. इंग्रजीत ते नामाच्या आधी येते आणि नाम जसेच्या तसे राहते. जागेतला हा फरक कोणालाही चटकन कळतो आणि तो फारसा त्रासही देत नाही. त्रास होतो तो आपल्या मनात नकळत तयार झालेल्या कोष्टकामुळे. ‘त’ म्हणजे ‘इन’, ‘वर’ म्हणजे ‘ऑन’, ‘ला’ म्हणजे ‘टू’, ‘ने’ म्हणजे ‘बाय’, ‘शी’ म्हणजे ‘विथ’, ‘पासून’ म्हणजे ‘सिन्स’ असे हे कोष्टक असते. ते निम्म्या वेळा बरोबर निघते, म्हणूनच ते अधिक फसवे आहे.

‘ला’ घेऊन पाहू. ‘मी पुण्याला गेलो’ याचे ‘आय वेंट टू पुणे’ होते, इथवर कोष्टक टिकते. ‘मी पुण्याला पोहोचलो’ म्हणताना मात्र ‘रीच’ हे क्रियापद वापरले तर मध्ये काहीच लागत नाही, ‘आय रीच्ड पुणे’ एवढेच पुरते. ‘अराइव्ह’ वापरले तर ‘इन पुणे’ म्हणावे लागते आणि स्टेशनला पोहोचलो असेल तर ‘ॲट द स्टेशन’. मराठीत क्रियापद एकच आणि प्रत्यय एकच, आणि इंग्रजीत मात्र शब्दयोगी अव्यय आपण निवडलेल्या क्रियापदाप्रमाणे बदलते. ‘मी त्याला सांगितले’ याचेही तसेच आहे: ‘टेल’ला काही लागत नाही, ‘आय टोल्ड हिम’, ‘से’ला लागते, ‘आय सेड टू हिम’.

यातून हाती येणारी गोष्ट साधी आहे, पण ती मनात मुरायला वेळ लागतो. इंग्रजी शब्दयोगी अव्यय पुष्कळदा पुढच्या नामावरून ठरत नाही, तर आधीच्या क्रियापदावरून किंवा विशेषणावरून ठरते. आपली नजर सवयीने नामाकडे जाते, कारण मराठीत प्रत्यय नामाला चिकटलेला दिसतो. ‘विषयावर चर्चा केली’ म्हटले की डोळ्यांसमोर ‘विषयावर’ येते आणि आपण ‘डिस्कस्ड अबाउट द सब्जेक्ट’ किंवा ‘डिस्कस्ड ऑन द सब्जेक्ट’ लिहितो. ‘डिस्कस’ या क्रियापदाला कर्म थेट लागते, ‘वी डिस्कस्ड द सब्जेक्ट’. भारतात ‘डिस्कस अबाउट’ इतके ऐकू येते की ते चुकीचे आहे हे सांगितले तर लोकांना नवल वाटते. तरीही अर्जात, अहवालात किंवा परीक्षेत ते टाळावे असे माझे स्पष्ट मत आहे. ‘तिने डॉक्टरशी लग्न केले’ यातला ‘शी’ पाहून ‘मॅरीड विथ अ डॉक्टर’ लिहिले जाते. खरे रूप ‘शी मॅरीड अ डॉक्टर’ आहे आणि लग्न झालेली स्थिती सांगायची असेल तर ‘शी इज मॅरीड टू अ डॉक्टर’. एकाच शब्दाच्या दोन वापरांत एकदा काहीच नाही आणि एकदा ‘टू’, आणि ‘विथ’ मात्र एकदाही नाही.

मराठीत आपण माणसावर रागावतो, माणसावर हसतो, माणसावर प्रेम करतो आणि माणसावर अवलंबून राहतो. या चारही ठिकाणी ‘वर’ आहे. इंग्रजीत ‘अँग्री विथ हिम’, ‘लाफ ॲट हिम’, ‘लव्ह हिम’ आणि ‘डिपेंड ऑन हिम’ अशी चार वेगळी रूपे होतात आणि ‘ऑन’ फक्त शेवटच्या ठिकाणी येतो. म्हणून नवा इंग्रजी शब्द वहीत टिपून ठेवताना तो एकटा न लिहिता त्याच्या जोडीदारासह लिहावा. ‘डिपेंड’ असे न लिहिता ‘डिपेंड ऑन’ लिहावे, ‘इंटरेस्टेड’ असे न लिहिता ‘इंटरेस्टेड इन’ लिहावे, आणि ‘डिस्कस’च्या पुढे काही येत नाही हेही आवर्जून लिहावे. विद्यार्थ्यांसाठी तयार केलेल्या इंग्रजी शब्दकोशांत ही जोडी उदाहरणांसह दिलेली असते, पण आपण अर्थ पाहून पान उलटतो.

जागा दाखवणाऱ्या शब्दांचे मात्र थोडे वेगळे आहे. तिथे क्रियापदापेक्षा डोळ्यांसमोरचे चित्र निर्णय करते. छताला पाल चिकटलेली आहे असे आपण म्हणतो. इंग्रजीत ती पाल ‘ऑन द सीलिंग’ असते, जरी ती छताच्या खालच्या बाजूला असली तरी. याचे कारण असे की ‘ऑन’ या शब्दात वर-खाली हा विचार दुय्यम आहे, पृष्ठभागाला स्पर्श असणे मुख्य आहे. आपल्याकडे बोटात अंगठी आणि पायात चप्पल असते, इंग्रजीत दोन्ही ‘ऑन’ असतात, ‘ऑन हर फिंगर’ आणि ‘ऑन हर फीट’, कारण तिथेही स्पर्श पाहिला जातो. उलट, ‘डोक्यावर पंखा फिरत होता’ यातला ‘वर’ स्पर्शाचा नाही, म्हणून तिथे ‘ओव्हर’ किंवा ‘अबव्ह’ हवे. ‘द फॅन वॉज ऑन माय हेड’ असे लिहिले तर पंखा खरोखरच डोक्यावर ठेवल्यासारखे होईल.

‘इन’ला चारी बाजूंनी वेढलेली जागा लागते आणि ‘ॲट’ला फक्त एक ठिकाण, नकाशावरच्या टिंबासारखे. बसथांब्यावर आपण ‘ॲट द बस स्टॉप’ उभे असतो, दारात ‘ॲट द डोअर’ आणि घरी ‘ॲट होम’ असतो. मराठीत या तीन ठिकाणी ‘वर’, ‘त’ आणि ‘ई’ असे तीन वेगळे प्रत्यय आले आहेत, तर इंग्रजीत एकच शब्द. काही ठिकाणी दोन्ही भाषा एकाच पद्धतीने पाहतात हेही सांगितले पाहिजे. रस्त्याच्या कोपऱ्यावरचे दुकान ‘ॲट द कॉर्नर’ असते आणि खोलीच्या कोपऱ्यातले कपाट ‘इन द कॉर्नर’. वाहनांच्या बाबतीत मात्र मराठीची समजूत उपयोगी पडत नाही. आपण बसमध्ये, ट्रेनमध्ये, गाडीत आणि रिक्षात बसतो, इंग्रजीत ‘ऑन द बस’, ‘ऑन द ट्रेन’, पण ‘इन द कार’ आणि ‘इन अ रिक्षा’ म्हणतात. ज्या वाहनात उभे राहून चालता येते त्याला ‘ऑन’ आणि ज्यात फक्त बसता येते त्याला ‘इन’ हा ठोकताळा बहुतेक वेळा कामाला येतो.

काळाबद्दल थोडक्यात सांगायचे तर घड्याळातल्या वेळेला ‘ॲट’, दिवसाला आणि तारखेला ‘ऑन’ आणि महिन्याला किंवा वर्षाला ‘इन’ हे सर्वांना ठाऊक असते. महाराष्ट्र राज्य ‘इन १९६०’ स्थापन झाले, पण तारीख जोडली की ते ‘ऑन १ मे १९६०’ होते. सकाळ ‘इन द मॉर्निंग’ असते, पण ठरावीक दिवसाची सकाळ ‘ऑन संडे मॉर्निंग’ होते, कारण तिथे दिवसाचे पारडे जड ठरते.

‘पासून’ आणि ‘पर्यंत’ यांच्यापाशी मात्र थांबावे लागेल, कारण इथल्या चुकीमुळे नुसते व्याकरण बिघडत नाही, निरोपच बदलतो. ‘सोमवारपासून’ आणि ‘तीन वर्षांपासून’ या दोन्हींत आपण एकच शब्द वापरतो. इंग्रजीत पहिल्यात सुरुवातीचा क्षण आहे, म्हणून ‘सिन्स मंडे’. दुसऱ्यात कालावधीची लांबी आहे, म्हणून ‘फॉर थ्री इयर्स’. ‘सिन्स थ्री इयर्स’ ही कदाचित मराठी माणसाच्या इंग्रजीतली सर्वांत जास्त आढळणारी चूक असेल. तिच्या सोबतच काळाचीही चूक येते, कारण आपण ‘मी तीन वर्षांपासून ठाण्यात राहतो’ असे वर्तमानकाळात म्हणतो आणि ‘आय लिव्ह’ लिहितो. इंग्रजीला तिथे ‘आय हॅव लिव्ह्ड इन ठाणे फॉर थ्री इयर्स’ हवे असते. आणि ‘उद्यापासून’ म्हणायचे असेल तर ‘सिन्स’ चालतच नाही, ‘फ्रॉम टुमॉरो’ म्हणावे लागते.

आता ‘पर्यंत’. ‘अर्ज सोमवारपर्यंत द्या’ आणि ‘कार्यालय सोमवारपर्यंत बंद राहील’ ही दोन वाक्ये मराठीत एकाच साच्याची दिसतात. पहिल्यात काम एकदाच करायचे आहे आणि सोमवार ही त्याची शेवटची मुदत आहे, म्हणून ‘बाय मंडे’. दुसऱ्यात बंद असणे ही स्थिती सलग चालू राहणार आहे, म्हणून ‘अंटिल मंडे’ किंवा ‘टिल मंडे’. पहिल्या ठिकाणी ‘सबमिट द फॉर्म टिल मंडे’ लिहिले तर सोमवारपर्यंत अर्ज देतच राहा असा विचित्र अर्थ निघतो. एकदा होणारे काम की चालू राहणारी स्थिती, एवढा प्रश्न स्वतःला विचारला की हा गोंधळ सुटतो.

मराठी वाचकाच्या मनात इथे एक रास्त प्रश्न येईल: इंग्रजीने हा एवढा पसारा का मांडला असावा? याचे उत्तर इतिहासात आहे आणि ते आपल्याला परके वाटू नये. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीलाही विभक्ती होत्या. नामाचा कर्त्याशी, कर्माशी, मालकीशी असलेला संबंध शब्दाच्या शेवटी लागणाऱ्या प्रत्ययाने दाखवला जाई, जसा आपण आजही दाखवतो. पुढच्या काही शतकांत शब्दांच्या शेवटचे आघात नसलेले उच्चार पुसट होत गेले, प्रत्यय एकमेकांत मिसळले आणि बहुतेक नाहीसे झाले. जे काम प्रत्यय करत होते ते शब्दांच्या क्रमाकडे आणि शब्दयोगी अव्ययांकडे आले. मोजक्या अव्ययांवर एवढा भार पडल्यावर प्रत्येकाला अनेक कामे करावी लागली. काहींचे अर्थही फिरले. ‘विथ’ या शब्दाचा जुन्या इंग्रजीतला मुख्य अर्थ ‘विरुद्ध’ असा होता. ‘विथस्टँड’ म्हणजे एखाद्या गोष्टीला तोंड देऊन उभे राहणे, या शब्दात तो अजून जिवंत आहे. ‘सोबत’ या अर्थाचा तेव्हाचा शब्द ‘मिड’ होता, तो आता ‘मिडवाइफ’ म्हणजे सुईण या शब्दापुरता उरला आहे: बाळंतिणीच्या सोबत असणारी स्त्री.

जुन्या विभक्ती अगदीच गेल्या असेही नाही. रामाचे पुस्तक या अर्थाच्या ‘रामस् बुक’मधला ‘स्’ म्हणजे जुन्या षष्ठीचा अवशेष आहे. ‘हिम’, ‘देम’ आणि ‘हूम’ या तिन्हींच्या शेवटचा ‘म’ हा जुन्या चतुर्थीच्या रूपांतून आला आहे. ‘हूज’ ही षष्ठी आहे, आणि ‘व्हाय’ ही ‘व्हॉट’ या सर्वनामाच्या जुन्या तृतीयेसारख्या रूपातून उतरली आहे, म्हणजे मुळात तिचा अर्थ ‘कशाने’ असा होता. मला स्वतःला हे समजले तेव्हा इंग्रजीची संबंधी सर्वनामे प्रथमच ओळखीची वाटली. जो, ज्याला, ज्याचा, ज्याने या आपल्या मालिकेसारख्याच एका जुन्या मालिकेची ती उरलीसुरली रूपे आहेत.

या ओळखीतला धोकाही लगेच सांगितला पाहिजे. ‘जो’ म्हणजे ‘हू’, ‘ज्याला’ म्हणजे ‘हूम’ आणि ‘ज्याचा’ म्हणजे ‘हूज’ असे आणखी एक कोष्टक करण्याचा मोह होतो आणि ते मधल्या जोडीपाशी कोसळते. ‘ज्याला मी काल भेटलो’ याचे ‘हूम आय मेट यस्टरडे’ होते, हे ठीक. पण ‘ज्याला इंग्रजी येते’ याचे ‘हू नोज इंग्लिश’ होते, आणि ‘ज्याला भूक लागली आहे’ याचे ‘हू इज हंग्री’. मराठीत भूक, भीती, आवड, येणे, समजणे या गोष्टी माणसाला होतात, म्हणून त्याला ‘ला’ लागतो. इंग्रजीत तोच माणूस वाक्याचा कर्ता असतो. ‘ज्याने मला मदत केली’ यातला ‘ने’सुद्धा असाच चकवतो. भूतकाळातल्या सकर्मक क्रियापदाच्या कर्त्याला आपण ‘ने’ लावतो, पण इंग्रजीत तो साधा कर्ता असल्यामुळे ‘हू हेल्प्ड मी’. म्हणून ‘हू’ की ‘हूम’ हे मराठी प्रत्ययावरून ठरवू नये. गौणवाक्य, म्हणजे ‘जो’ने मुख्य वाक्याला जोडलेले वाक्य, सुटे करून इंग्रजीत म्हणावे. त्यात ‘ही’ येत असेल तर ‘हू’, ‘हिम’ येत असेल तर ‘हूम’. ‘ही नोज इंग्लिश’, म्हणून ‘हू’. ‘आय मेट हिम’, म्हणून ‘हूम’. बोलण्यात आज ‘हूम’च्या जागी ‘हू’ सर्रास चालते. फक्त शब्दयोगी अव्यय लगेच आधी आले असेल तर ‘हूम’च हवे: ‘टू हूम’, ‘विथ हूम’.

मराठीचे ‘जो’ लिंग, वचन आणि विभक्ती यांप्रमाणे बदलते, पण माणूस आणि वस्तू असा भेद करत नाही. जो मुलगा, जो आंबा, जो विचार, सगळ्यांना एकच शब्द. इंग्रजीत नेमका हाच भेद मुख्य आहे: माणसाला ‘हू’, वस्तूला आणि प्राण्याला ‘विच’, आणि दोघांनाही चालणारा ‘दॅट’. ‘हूज’ला मात्र हे बंधन नाही. ‘अ हाउस हूज रूफ लीक्स’, म्हणजे ज्याचे छप्पर गळते असे घर, हे वाक्य शुद्ध आहे, जरी घर हा माणूस नसला तरी.

दुसरा मोठा फरक जोडीचा आहे. मराठीची रीत ‘जो येईल तो बसेल’ अशी आहे. ‘जो’ आला की कान ‘तो’ची वाट पाहतात. इंग्रजीत या जोडीतला एकच भाग बोलला जातो. ही सवय इंग्रजीत नेली की ‘द मॅन हू केम यस्टरडे, ही इज माय अंकल’ असे वाक्य तयार होते. त्यातला ‘ही’ अनावश्यक आहे. ‘द बुक विच आय बॉट इट’ या चुकीचे मूळही अशाच जास्तीच्या सर्वनामात आहे. गौणवाक्यात ‘विच’ आला म्हणजे विकत घेण्याचे कर्म आलेच, पुन्हा ‘इट’ कशाला? संबंधी सर्वनाम वाक्यातली एक खुर्ची अडवून बसते, त्याच खुर्चीवर दुसऱ्याला बसवता येत नाही.

आता सुरुवातीच्या घराकडे परत जाऊ. दोन वाक्यांतून एक वाक्य कसे बनते हे सावकाश पाहिले की ‘इन’ कुठे जातो आणि कुठे जाऊ शकत नाही हे दिसते. पहिले वाक्य ‘द हाउस इज ओल्ड’. दुसरे वाक्य ‘आय लिव्ह इन द हाउस’. दोन्हींत ‘द हाउस’ समान आहे, म्हणून दुसऱ्या वाक्यातल्या ‘द हाउस’च्या जागी ‘विच’ ठेवू: ‘आय लिव्ह इन विच’. आता ‘विच’ला गौणवाक्याच्या सुरुवातीला आणायचे आहे. त्याला एकट्याला उचलले तर ‘विच आय लिव्ह इन’, आणि ‘इन’सकट उचलले तर ‘इन विच आय लिव्ह’. दोन्हींपैकी कोणतेही पहिल्या वाक्यात बसवावे. ‘द हाउस विच आय लिव्ह इन इज ओल्ड’ आणि ‘द हाउस इन विच आय लिव्ह इज ओल्ड’ ही दोन्ही शुद्ध आहेत. ‘विच’च्या जागी ‘दॅट’ घेता येतो, पण फक्त पहिल्या रूपात. ‘इन दॅट आय लिव्ह’ चालत नाही, कारण शब्दयोगी अव्ययाच्या लगेच पुढे संबंधी ‘दॅट’ येत नाही. शब्द गाळणेही पहिल्याच रूपात शक्य आहे: ‘द हाउस आय लिव्ह इन’. या सगळ्या हालचालीत ‘इन’ने जागा बदलली असेल, पण तो वाक्याबाहेर कधीच गेला नाही.

पुष्कळांना शाळेत असे शिकवलेले असते की वाक्याच्या शेवटी शब्दयोगी अव्यय ठेवणे अशुद्ध असते. हा नियम जुना आहे, पण तो भाषेतून आलेला नाही. इंग्रज कवी जॉन ड्रायडन यांनी १६७२ मध्ये नाटककार बेन जॉन्सन यांच्या ओळींतले असे शेवट दोष म्हणून दाखवले. रॉबर्ट लाउथ यांनी १७६२ च्या आपल्या व्याकरणात अशी रचना इंग्रजीच्या वळणाची आहे हे मान्य केले आणि गंभीर लेखनात अव्यय आधी ठेवणे अधिक शोभते असे सांगितले. पुढे शाळांतून या सल्ल्याचा सक्तीचा नियम झाला. लॅटिनमध्ये असे अव्यय मागे सोडता येत नाही, आणि तेव्हाचे विद्वान लॅटिनकडे आदर्श म्हणून पाहत होते. आपल्यालाही ही रचना खटकते, कारण मराठीत ‘मी घर राहतो त’ असा प्रत्यय सुटा करून वाक्याच्या टोकाला टांगता येत नाही. तरीही, बोलताना ‘द मॅन आय वॉज टॉकिंग टू’ हेच सहज इंग्रजी आहे. ‘द मॅन टू हूम आय वॉज टॉकिंग’ मित्रांच्या गप्पांत जड वाटते आणि न्यायालयाच्या निकालात शोभते.

‘व्हेअर’ने काम सोपे होते असे वाटते आणि पुष्कळदा होतेही. ‘द व्हिलेज व्हेअर आय वॉज बॉर्न’ यात ‘व्हेअर’ म्हणजेच ‘इन विच’, म्हणून त्याच्या शेवटी पुन्हा ‘इन’ जोडू नये. पण ‘जिथे’ म्हणजे नेहमी ‘व्हेअर’ असे नाही. ‘मी जिथे भेट दिली ते गाव’ याचे ‘द व्हिलेज व्हेअर आय व्हिजिटेड’ होत नाही. ‘व्हिजिट’ला कर्म थेट लागते, ‘आय व्हिजिटेड द व्हिलेज’, मध्ये काही नाही. म्हणून ‘द व्हिलेज विच आय व्हिजिटेड’ किंवा नुसते ‘द व्हिलेज आय व्हिजिटेड’. गाव हे ठिकाण आहे एवढ्याने ‘व्हेअर’ येत नाही, सुट्या वाक्यात ‘इन’ किंवा ‘ॲट’ लागतो का, यावर ते ठरते. ‘व्हेन’लाही हीच कसोटी लावावी.

‘मी जे बोललो ते विसरा’ यातल्या ‘जे… ते’ या पूर्ण जोडीसाठी इंग्रजीत एकच शब्द आहे, ‘व्हॉट’: ‘फर्गेट व्हॉट आय सेड’. पण ‘सर्व’, ‘काहीतरी’ असा शब्द आधीच आलेला असेल तर ‘व्हॉट’ला जागा उरत नाही, तिथे ‘दॅट’ हवा: ‘एव्हरीथिंग दॅट आय सेड’. ‘एव्हरीथिंग व्हॉट आय सेड’ यात पुन्हा एका खुर्चीवर दोघांना बसवल्यासारखे होते.

स्वल्पविरामाचा मुद्दा छोटा दिसतो, पण त्यावर माणसांची संख्या अवलंबून असते. ‘माय ब्रदर हू लिव्ह्ज इन नागपूर’ असे स्वल्पविरामाशिवाय लिहिले तर मला एकाहून अधिक भाऊ आहेत आणि मी त्यांपैकी नागपूरच्या भावाबद्दल बोलतो आहे असा अर्थ होतो. ‘माय ब्रदर’नंतर स्वल्पविराम दिला तर भाऊ एकच आणि तो नागपूरला राहतो ही जोडमाहिती. जोडमाहिती देणाऱ्या या रचनेत ‘दॅट’ वापरत नाहीत आणि सर्वनाम गाळतही नाहीत. मराठीत अशा माहितीसाठी स्वाभाविक रीत वेगळी आहे: ‘नागपूरला राहणारा माझा भाऊ’ किंवा ‘माझा भाऊ नागपूरला असतो, तो’. अलीकडे अनुवादित मजकुरांत ‘पुणे, जे की महाराष्ट्रात आहे’ अशी वाक्ये फार दिसू लागली आहेत. ती इंग्रजी स्वल्पविरामाची आणि ‘विच’ची सावली आहे. ‘महाराष्ट्रातील पुणे’ एवढे पुरेसे असताना ‘जे की’ कानाला बोचते, आणि इंग्रजी नीट शिकण्याइतकीच मराठी नीट राखण्याची काळजीही मला वाटते.

शेवटी एक वाक्य पूर्ण करून पाहू, कारण ते प्रत्येकाला कधी ना कधी लिहावे लागते: ‘मी ज्या पदासाठी अर्ज करत आहे त्याची जाहिरात ५ जूनला आली’. बोलताना आपण ‘मी अर्ज करतोय त्या पदाची जाहिरात’ असेही म्हणू आणि ‘साठी’ तिथे गळून पडेल. ‘अप्लाय’ची जोडी ‘फॉर’शी आहे, ‘अप्लाय टू’ संस्थेकडे आणि ‘अप्लाय फॉर’ पदासाठी. सुटे वाक्य ‘आय ॲम अप्लाइंग फॉर द पोस्ट’ असे झाले. पद ही वस्तू, म्हणून ‘विच’. तारीख आहे, म्हणून ‘ऑन’. तेव्हा लेखी अर्जात ‘द पोस्ट फॉर विच आय ॲम अप्लाइंग वॉज ॲडव्हर्टाइज्ड ऑन ५ जून’ लिहावे, आणि मुलाखतीच्या खोलीत विचारले तर ‘द पोस्ट आय ॲम अप्लाइंग फॉर’ म्हणावे.